नवजीवन कॉलनीची पाहणी

यज्ञेश्वर दाणी यांनी एकतीस वर्षं रेल्वेत रुळांची पाहणी केली. भुसावळच्या आसपासचा किती तरी मैल मार्ग त्यांनी पायी पाहिला होता, उन्हातही आणि पावसातही. हाताखालची माणसं म्हणायची, "साहेब, परवाच बघितलंय, ठीक आहे, सही करून टाका." दाणी सही करत नसत. आधी चालून यायचे, मग खिशातल्या छोट्या वहीत नोंद आणि शेवटी सही. निवृत्त होऊन चार वर्षं झाली, तरी ती वही खिशातून गेली नव्हती. आता तिच्यात दूध, औषधं, कुठल्या नळाची चकती बदलायची, असलं काही लिहिलेलं असे.

त्यांची मुलगी मृण्मयी उज्जैनला बँकेत अधिकारी होती. फ्रीगंजमध्ये बँकेपासून दहा मिनिटांवर दोन मैत्रिणींबरोबर ती एका फ्लॅटमध्ये राहत होती. नोव्हेंबरात तिचा फोन आला. महाकाल मंदिराभोवती 'महाकाल लोक' हा नवा परिसर झाल्यापासून शहरात यात्रेकरूंची रीघ लागली होती आणि ज्याच्याकडे रिकामी खोली तो ती दिवसाच्या भाड्यानं देत होता. फ्लॅटच्या मालकालाही तेच करायचं होतं. महिनाअखेर घर सोडायचं होतं. मैत्रिणींपैकी एकीचं लग्न ठरलं होतं, दुसरीची इंदूरला बदली झाली होती.

"एक घर बघितलंय बाबा," मृण्मयी म्हणाली. "वरचा मजला, मोकळी गच्ची. मालकीण मराठी आहेत. नवजीवन कॉलनी म्हणून आहे, आगर रोडच्या बाजूला."

"कशी आहे वस्ती?"

मृण्मयी जरा थांबली. "तुम्ही या आणि बघा."

ती थांबली, म्हणूनच दाणी दुसऱ्या दिवशीच्या गाडीत बसले. बायकोला, जयूला, सांगितलं, "चार दिवसांत येतो. बघतो आणि सांगतो."

देवास गेटजवळच्या एका लॉजमध्ये त्यांनी सामान टाकलं. बुधवारी दुपारी मृण्मयीनं अर्धी रजा काढली आणि दोघं रिक्षानं निघाली. रिक्षावाल्यानं आगर रोडवरच रिक्षा थांबवली.

"अंदर नहीं जाऊँगा. रोड खराब है."

"इतना भी खराब नहीं है," मृण्मयी म्हणाली.

"मैडम, रोड का तो बहाना है," रिक्षावाला दाणींकडे बघत म्हणाला. "मिल बंद हुई तब से उधर का माहौल ठीक नहीं. आप बुज़ुर्ग आदमी हो इसलिए बोल रहा हूँ."

दाणींनी पैसे दिले आणि चालायला लागले. मृण्मयी त्यांच्या मागून.

पन्नास वर्षांपूर्वी शेजारच्या कापड मिलमधल्या कारकुनांनी आणि जॉबरांनी, म्हणजे मुकादमांनी, सोसायटी करून ही कॉलनी बांधली होती. चार रांगा, प्रत्येक रांगेत अकरा घरं, पुढे छोटं अंगण. मिलचा भोंगा थांबून आता तीस वर्षं होत आली होती. पोरं इंदूर, पुणे, सुरतेला गेली. जवळजवळ निम्म्या घरांना कुलपं होती. अंगणात गुडघाभर गवत, एका घराच्या छपरातून पिंपळ वर आलेला. कॉलनीच्या एका अंगाला मिलची काळपट दगडी भिंत होती आणि भिंतीला लागून एक अरुंद गल्ली. भैरवगढच्या कापडछपाईच्या कारखान्यांतून टेम्पोनं येणाऱ्यांना कॉलनीत शिरायला तीच जवळची वाट. शेवटच्या रांगेपाशी, मोडक्या पुलाच्या कठड्यावर, पाच-सहा माणसं भर दुपारी पत्ते कुटत बसली होती. मृण्मयी जवळून गेली तेव्हा त्यांनी पत्ते थांबवले आणि ती पुढे गेल्यावर पुन्हा वाटले. दाणींनी ते पाहिलं.

उषाताई मुळ्यांचं घर दुसऱ्या रांगेत होतं. त्या शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेल्या, नवरा जाऊन सहा वर्षं झालेली. त्यांचं घराणं ग्वाल्हेरच्या शिंदे सरकारच्या दफ्तरात होतं तेव्हापासून उज्जैनचंच, त्यामुळे त्यांची मराठी वेगळीच होती. त्यांनी पाणी दिलं, वरचा मजला दाखवला. खोल्या स्वच्छ होत्या. खिडक्यांना गज जाड होते. दाणींनी प्रत्येक गज हलवून पाहिला.

खाली येऊन बसल्यावर त्यांनी सरळच विचारलं, "बाई, एकटी मुलगी राहणार. संध्याकाळी सात-साडेसातला बँकेतून येणार. तुमची ही कॉलनी सुरक्षित आहे का?"

"सगळी नाही," उषाताई म्हणाल्या.

दाणींना या उत्तराची अपेक्षा नव्हती.

"ती मिलच्या भिंतीची गल्ली पाहिली नं तुम्ही? तिथे दोन खांब बंद आहेत. पावणेतीन वर्षं झाली, आमच्या कॉलनीतल्या अलकाचं मंगळसूत्र तिथेच ओढून नेलं मोटरसायकलवाल्यांनी. गळ्याला सात टाके पडले तिला. शेवटच्या लाइनीत दोन घरांमध्ये सट्टा चालतो, बाहेरची माणसं येतात. ती आमच्याशी बोलत नाहीत, आम्ही त्यांच्याशी. अंधार पडला की ऑटो आत येत नाही, मेन रोडवरून पायी यावं लागतं. चव्वेचाळीस घरं आहेत, त्यातली एकोणीस बंद. हे सगळं खरं आहे."

"आणि चांगलं काय?"

उषाताई हसल्या. "ते तुम्ही स्वतः बघून घ्या नं. माझ्या मोहल्ल्याची मीच तारीफ करू लागले तर तुम्हाला काय किंमत वाटेल तिची? दोन दिवस आहात तर फिरा आरामशीर. मी शुक्रवारी डोळे दाखवायला इंदूरला जाऊन राहिली आहे, संध्याकाळी परत येईन. मग सांगा काय ते."

परत येताना मृण्मयीनं विचारलं, "कसं वाटलं?"

"नाही," दाणी म्हणाले. "मालकीणबाईच सांगतायत की सुरक्षित नाही. अजून काय पाहिजे?"

"बाबा, मी नऊ घरं पाहिली या महिन्यात. प्रत्येक ठिकाणी 'एकदम सेफ आहे मॅडम' म्हणाले. एका घराच्या दाराला आतून कडी नव्हती, तिथेसुद्धा म्हणाले. 'सगळी नाही' असं म्हणणाऱ्या या एकट्याच भेटल्या."

"खरं बोलणं वेगळं आणि घर सुरक्षित असणं वेगळं."

"बरोबर. म्हणून तर तुम्हाला बोलावलं. तुम्ही बाजूच्या टपरीवर विचारून रुळावर सही केली होती का कधी?"

मुलीनं वर्मावर बोट ठेवलं होतं.

गुरुवारी सकाळी सात वाजता ते एकटेच कॉलनीत गेले. राखाडी स्वेटर, पायात कॅनव्हासचे बूट, खिशात वही. चारही रांगा चालले, घरं मोजली. कुलूपबंद घरांचे नंबर लिहून घेतले. सत्तावीस नंबरचं कुलूप नवं दिसत होतं, ते हातानं हलवून पाहिलं. भिंतीच्या गल्लीची पावलं मोजली, एकशे तीस. दिव्यांचे खांब चार, त्यातले दोन फुटके. दुपारी बारा वाजता पुन्हा आले. ऊन सौम्य होतं, तरी तहान लागली म्हणून हातपंपावर पाणी प्यायले. पुन्हा पाच वाजता येऊन कोपऱ्यावरच्या कडुनिंबाखाली थांबले, कुठल्या घरात माणसं आहेत आणि कुठल्या नाहीत ते पाहिलं. दिवसभरात त्यांना कुणी हटकलं नाही. कुणी दारात आलं नाही, कुणी "कोण पाहिजे?" असं विचारलं नाही. एका खिडकीत पडदा हलल्यासारखा वाटला, तेवढंच.

लॉजवर येऊन त्यांनी वहीत लिहिलं, 'अनोळखी माणूस दिवसभर फिरला, कुणाचंही लक्ष नाही.' त्याखाली दोनदा रेघ मारली. त्यांच्या दृष्टीनं हे शेवटच्या रांगेतल्या सट्ट्याहूनही वाईट होतं. मृण्मयीला काय सांगायचं ते आता पक्कं झालं होतं. फक्त अंधार पडताना ती गल्ली एकदा पाहायची राहिली होती, आणि अपुऱ्या पाहणीवर मत देणं त्यांना पटणारं नव्हतं.

शुक्रवारी संध्याकाळी पावणेसहाला ते आगर रोडवर उतरले आणि गल्लीच्या तोंडाशी आले. आत वळले आणि जागीच थांबले.

गल्लीत खुर्च्या होत्या. निळ्या, लाल, पांढऱ्या प्लास्टिकच्या खुर्च्या, भिंतीला पाठ लावून, दहा-दहा पावलांवर एकेक. प्रत्येकीवर एक बाई. कुणी बटले, म्हणजे मटार, सोलत होती, कुणी लसूण, एक जण नातवाच्या वहीतलं पाढ्यांचं पान तपासत होती. फुटक्या खांबांपाशी कुणाच्या तरी घरातून वायर ओढून दोन बल्ब लावलेले होते. भैरवगढच्या छपाईच्या कारखान्यांतून सुटलेल्या सात-आठ मुली, बोटांना लाल-काळा रंग लागलेला, गल्लीतून हसत-बोलत येत होत्या. बायका एकेकीला नावानं विचारत होत्या, "आज देर हो गई?" "मम्मी का बुखार उतरा?"

दाणींनी सवयीनं वही काढली आणि खांबाखाली उभं राहून लिहायला लागले. दोन ओळी झाल्या असतील-नसतील, वहीवर सावली पडली.

"चाचाजी, क्या लिख रहे हो?"

समोर चाळिशीतली एक सडसडीत बाई उभी होती. गळ्यावर डाव्या बाजूला पांढरट व्रण होता. दाणींनी ओळखलं, हीच ती अलका.

"कुछ नहीं. मैं तो ऐसेच... देखने आया."

"दिखाइए."

अलकानं हात पुढे केला. तिचा आवाज चढलेला नव्हता, पण दोन्ही बाजूंच्या खुर्च्या रिकाम्या झाल्या होत्या आणि दाणींच्या भोवती सहा बायका उभ्या होत्या. त्यांनी वही दिली. लिपी तीच असल्यामुळे अलकाला वाचायला अडचण आली नाही. ती मोठ्यानं वाचू लागली.

"घर क्रमांक सत्तावीस, अट्ठावीस, इकतीस, कुलूपबंद. सत्तावीसचे कुलूप नवे. चौतीसमध्ये म्हातारी एकटी. दुपारी बारा ते तीन रस्ता रिकामा." तिनं वर पाहिलं. "ये क्या है चाचाजी? किसके लिए लिखा है?"

स्वतःच लिहिलेल्या ओळी दुसऱ्याच्या तोंडून ऐकताना दाणींना कळलं, की ही चोराचीच वही वाटते.

"मेरेको गलत मत समझो. मैं रेलवे का रिटायर आदमी है. मेरी बेटी इधर मकान लेनेवाली है, उषाताई के यहाँ. इसलिए मैं..."

"उषा दीदी ने हमको तो कुछ नहीं बताया."

"उनको फोन करो."

अलकानं फोन लावला. घंटी वाजत राहिली. उषाताईंच्या डोळ्यांत इंदूरच्या डॉक्टरांनी औषध घातलेलं, त्यांना फोनवरचं काही दिसत नव्हतं, हे नंतर कळलं. दाणींनी मृण्मयीला पुन्हा पुन्हा लावला. तिनंही उचलला नाही. शुक्रवारची संध्याकाळ, तिचा फोन टेबलाच्या खणात असणार.

मेंदीनं केस रंगवलेली, जाड चष्म्याची एक म्हातारी पुढे आली. तिला सगळ्या नसीम बी म्हणत होत्या. तीही भैरवगढला छपाई करायची, मनगटापर्यंत निळा रंग कायमचा मुरलेला.

"हम बताएँ आपने क्या-क्या किया?" ती शांतपणे म्हणाली. "कल सुबह सात बजे आप पुलिया की तरफ से आए. यही स्वेटर था. साढ़े सात बजे सत्ताईस नंबर का ताला हिलाया. दोपहर में हैंडपंप पर पानी पिया, दो बार. शाम को पाँच बजे नीम के नीचे पौन घंटा खड़े रहे. परसों एक लड़की के साथ आए थे, पर उषा दीदी के घर में घुसते हमने नहीं देखा, इसलिए वो बात हम नहीं मानते."

काल दिवसभर कुणी पाहत नाही असं ज्या दाणींनी वहीत लिहून दोनदा रेघ मारली, त्यांच्या प्रत्येक पावलाची नोंद या कॉलनीनं ठेवली होती, वेळेसकट. इतकी पक्की पाहणी तर त्यांच्या हाताखालच्या माणसांनीही कधी केली नव्हती.

"तो कल किसी ने पूछा क्यों नहीं?" ते कसंबसं म्हणाले.

"कल दिन था, हर घर में एक-एक औरत अकेली थी," अलका म्हणाली. "अकेले में नहीं टोकते, सिर्फ देखते हैं और एक-दूसरे को बता देते हैं. टोकते तब हैं जब सब साथ हों. बैठिए."

एका बाईनं आपली खुर्ची दिली. दुसरीनं पाण्याचा तांब्या आणला, थोड्या वेळानं चहा आला.

"चाय पीजिए," अलका म्हणाली. "पर उठना नहीं. आठ बजे तक कोई आपको पहचानने नहीं आया तो चौकी फोन करेंगे."

चौसष्ट वर्षांच्या आयुष्यात यज्ञेश्वर दाणींवर कुणी चोर म्हणून बोट दाखवलं नव्हतं. पहिली दहा मिनिटं त्यांना राग आला, मग लाज वाटली. भुसावळच्या कुणी पाहिलं असतं तर? पण खुर्चीत बसून बसून राग कुणावर धरायचा हेच त्यांना ठरवता येईना. या बायकांच्या जागी आपण असतो तर असली वही असलेल्या माणसाला चहा तरी दिला असता का? शेजारच्या बाईच्या परातीत बटल्यांचा ढीग होता. हातांना काही काम नव्हतं, म्हणून त्यांनी एक शेंग उचलली. बाईनं पाहिलं आणि परात मुकाट्यानं थोडी त्यांच्याकडे सरकवली.

"ये कुर्सियाँ... कब से?" त्यांनी अलकाला विचारलं.

अलकानं मान वळवली. गल्लीत एक मोटरसायकल शिरली होती. दोन तरुण पोरं होती. खुर्च्यांची रांग दिसताच त्यांनी वेग कमी केला, मान खाली घातली आणि पहिल्या गियरमध्ये एकशे तीस पावलं पार करून गेली. सगळ्यांनी फक्त पाहिलं.

"मेरा मंगलसूत्र यहीं से गया," मग ती म्हणाली. "टाँके कटे तो सब बोले, अलका, अब इधर से मत निकलना. लड़कियाँ भी बड़े रास्ते से घूमकर आने लगीं, दो किलोमीटर. मैंने सोचा, गली मेरी है, रास्ता मैं क्यों बदलूँ? एक शाम कुर्सी लेकर यहीं बैठ गई, इसी खंभे के नीचे. तीन दिन अकेली बैठी. बहुत डर लगा, झूठ क्यों बोलूँ. चौथे दिन नसीम बी अपनी कुर्सी उठाकर आ गईं. बोलीं, घर में भी तो बटला ही छीलना है."

"और उसके बाद?"

"उसके बाद एक भी वारदात नहीं," नसीम बी म्हणाल्या. "बारिश में छाता लेकर बैठे हैं. ईद को बैठे, दीवाली को बैठे. बारी लगी हुई है."

हे सांगताना त्यांची मान ताठ झाली होती. दाणींना तो ताठा ओळखीचा वाटला. अवघड वळणावरचा रूळ सुस्थितीत ठेवणाऱ्या गँगमनच्या मानेत तो असे. त्याला कुणी बक्षीस देत नाही, त्याचं नाव कुठे लागत नाही, पण गाडी धडधडत निघून गेली की तो एकदा रुळाकडे बघतो.

"दिव्यांसाठी मी अर्ज लिहून देतो," दाणी उत्साहात मराठीतच म्हणाले आणि मग हिंदीत, "नगर निगम को ठीक से लिखना पड़ता है. मेरेको अनुभव है."

बायका एकमेकींकडे बघून हसल्या. "सत्रह दे चुके हैं, चाचाजी," अलका म्हणाली. "फाइल घर पर है, पावती के साथ. चार खंभे बंद थे. ग्यारहवीं अर्जी पर दो चालू हुए. बाकी दो भी होंगे."

दाणींनी पुढची शेंग उचलली. त्यांना पहिल्यांदाच वाटलं, की इथे आपण काही शिकवायला आलेलो नाही.

सव्वासात वाजता मृण्मयी आली. बाबा संध्याकाळी गल्ली पाहायला जाणार हे तिला माहीत होतं; चौदा मिस्ड कॉल पाहून ती बँकेतून थेट रिक्षा करून आगर रोडवर उतरली आणि धावतच गल्लीत शिरली. वडील बायकांच्या घोळक्यात बसून बटले सोलतायत हे पाहून ती थांबली.

"बाबा? काय झालं?"

"मला पकडलंय," दाणी म्हणाले.

मृण्मयी पुढे झाली. "ये मेरे पापा हैं. मैं ही उषा आंटी का मकान..."

"आप कौन?" अलकानं विचारलं. "पहचान पत्र है?"

मृण्मयीनं पर्समधून बँकेचं ओळखपत्र काढलं. अलकानं त्यावरचा फोटो आणि समोरचा चेहरा ताडून पाहिला, ते नसीम बींकडे दिलं. नसीम बींनी चष्मा वर करून नाव वाचलं. "दाणी तो दोनों हैं. पर बाप-बेटी हैं, ये इसमें कहाँ लिखा है?"

मृण्मयीनं फोनमध्ये दिवाळीचा फोटो उघडून दाखवला. ती, आई आणि बाबा भुसावळच्या घराच्या पायरीवर. बाबांच्या अंगात तोच राखाडी स्वेटर. आता मात्र सगळ्या हसल्या. वातावरण सैल झालं, पण अलकानं वही अजून परत दिली नव्हती.

ती दिली उषाताई आल्यावर. पावणेआठला त्या काळा चष्मा लावून, पिशवी सांभाळत, मेन रोडवरून चालत आल्या. सगळं ऐकून घेतल्यावर त्यांनी कपाळावर हात मारला.

"अगं अलका, हे तर माझ्याकडे मकान बघायला आले नं!"

"तो दीदी, बताना था!"

"क्या बताती? इन्होंने हाँ ही कहाँ कहा है अभी?" उषाताई दाणींकडे वळल्या. "माफ करा हं. खूप तकलीफ झाली तुम्हाला."

दाणी उठले. मांडीवरची सालं झटकली. दोन तास बसून पाय आखडले होते.

"बाई, परवा तुम्ही मला खरं सांगितलंत, पण अर्धंच सांगितलंत," ते म्हणाले. "या खुर्च्यांबद्दल एक शब्द बोलला नाहीत."

"सांगितलं असतं तर तुम्ही म्हणाला असता, आणखी एक मालकीण भाडेकरूसाठी गोष्टी रचून राहिली आहे. आम्ही दाखवायला नाही बसत इथे. ज्याला दिसायचं त्याला दिसतं."

दाणी मुलीकडे वळले. "तुला भीती वाटत नाही इथे?"

"वाटते," मृण्मयी म्हणाली. "मेन रोडवरून येताना आत्ताही वाटली. पण फ्रीगंजला आठ महिने राहिले बाबा, शेजारच्या फ्लॅटमध्ये कोण राहतं ते मला माहीत नाही. माझ्यामागे कुणी जिना चढून आलं असतं तर कुणी दार उघडून पाहिलं नसतं. इथे तुम्ही पाणी किती वेळा प्यायलात हेसुद्धा यांना माहीत आहे."

दाणींनी अलकाकडे हात पुढे केला. तिनं वही दिली. खांबाच्या उजेडात त्यांनी ते दोन रेघांचं पान शोधलं. कालची ओळ खोडली नाही. तिच्याखाली लिहिलं, 'वरील नोंद चूक. पाहणी करणाऱ्याच्या नजरेतला दोष.' आणि सही केली.

मग उषाताईंना म्हणाले, "माझी मुलगी ठरवेल. पण माझं मत विचाराल तर हो."

"मी ठरवलंय," मृण्मयी म्हणाली.

रविवारी सामान हलवलं. फार नव्हतंच, एक गादी, दोन ट्रंका, पुस्तकांची खोकी, गॅस. टेम्पोवाला आत यायला कुरकुर करत होता, तर अलका स्वतः मेन रोडवर जाऊन उभी राहिली आणि त्याला वाट दाखवत घेऊन आली. नसीम बींनी छपाईची एक चादर आणली, किनारीला बारीक लाल बुट्ट्यांची. पैशाचं नाव काढताच त्या इतक्या रागावल्या, की मृण्मयीनं ती मुकाट्यानं छातीशी धरली. दाणींनी वरच्या दाराला आणखी एक कडी ठोकली, गच्चीच्या दाराला अडसर लावला आणि आगर रोड ते घर ही वाट मुलीबरोबर तीनदा चालून काढली. शेवटच्या रांगेकडून जायचं नाही, हे तिच्याकडून कबूल करून घेतलं. धोका होता तो होताच, तो नाही असं समजणारे ते नव्हते.

भुसावळला पोहोचल्यावर जयूनं विचारलं, "कशी आहे जागा?" दाणींनी तिला सगळं सांगितलं, स्वतः पकडले गेल्याचंही. जयू आधी घाबरली, मग डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली.

फेब्रुवारीत मृण्मयीचा फोन आला. गल्लीतल्या खुर्चीवर आता बुधवारची बारी तिची होती. बँकेतून येऊन ती पाऊण तास बसे. अठराव्या अर्जानंतर तिसरा दिवा लागला होता, तो अर्ज मात्र तिनं लिहिला होता आणि विभागीय कार्यालयात पाच खेपा घातल्या होत्या. शेवटच्या रांगेतला सट्टा अजून चालूच होता. पण सत्तावीस नंबरच्या घराचा मालक सुरतेहून येऊन कुलूप उघडून गेला होता, भाड्यानं देण्यासाठी.

"काल ते घर बघायला एक नर्स आली बाबा, अपूर्वा म्हणून. देवासची आहे. बरोबर तिचा भाऊ होता. तो मला विचारत होता, ताई, इथे सेफ आहे का?"

"मग तू काय म्हणालीस?"

"म्हणाले, सगळं नाही. गल्ली कुठली, सट्टा कुठे, ऑटो कुठपर्यंत येतो, सगळं सांगितलं. एकही गोष्ट लपवली नाही. तो म्हणाला, मग तुम्ही का राहता? मी म्हटलं, आमची कॉलनी आहे म्हणून."

दाणी फोन कानाला धरून अंगणात उभे होते. 'आमची कॉलनी' हे शब्द तिनं किती सहज म्हटले होते. लहानपणी अंधारात पाणी प्यायलासुद्धा आईला उठवणारी ही पोरगी.

"बरोबर सांगितलंस," ते म्हणाले. "अगदी बरोबर."

फोन ठेवून ते फाटकापाशी आले, तेव्हा शेजारचे जुने सहकारी भाजी घेऊन येत होते.

"मुलगी उज्जैनलाच ना अजून?" त्यांनी विचारलं. "कुठल्या भागात राहते?"

पूर्वी असं कुणी विचारलं, की दाणी 'फ्रीगंज' एवढंच सांगून मोकळे व्हायचे.

"नवजीवन कॉलनी," ते आता म्हणाले, सावकाश, प्रत्येक अक्षर नीट ऐकू जाईल असं. "आगर रोडला आहे. वेळ असेल तर बसा, सांगतो."